मुकुटाची सनद

लीला नायडू यांच्या नावामागे ‘फेमिना मिस इंडिया, १९५४’ ही बिरुदावली इतक्या वेळा छापली गेली आहे की ती तपासून पाहावी असे कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः ‘फेमिना’ हे नियतकालिक निघाले १९५९ साली, आणि त्याची मिस इंडिया स्पर्धा सुरू झाली १९६४ साली. त्या पहिल्या वर्षीच्या मानकरी मेहेर कॅस्टेलिनो. मग जे नियतकालिक अद्याप जन्मलेच नव्हते, त्याने १९५४ साली मुकुट ठेवला तरी कोणत्या हातांनी? असा दस्तऐवज न्यायालयापुढे आला असता तर उलटतपासणीचीही गरज पडली नसती. लीलाबाईंच्या किताबाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यावर मागली तारीख घालून उमटवलेल्या शिक्क्याविषयी.

आपल्याकडील सौंदर्यस्पर्धांच्या आरंभीच्या इतिहासात असे ठेचाळणे पावलोपावली होते. १९४७ साली पहिल्या मिस इंडिया म्हणून ज्यांचे नाव येते त्या एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, म्हणजे चित्रपटांतल्या प्रमिला, कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घराण्यातल्या. त्यांचे वय तेव्हा एकतीस होते असे सर्वत्र लिहितात. जन्मतारीख मात्र ३० डिसेंबर १९१६ अशी देतात. म्हणजे बाईंना एकतीस पूर्ण झाली ती त्या सालातले दोनच दिवस उरले असताना! १९५२ च्या किताबासाठी तर श्रीमती इंद्राणी रहमान आणि नूतन अशी दोन नावे सर्रास पुढे केली जातात. किताब दोन होते की एक, एवढा साधा प्रश्नही याद्या करणारे विचारीत नाहीत.

याचे कारण असे की सनद देणारे पीठ कधी अस्तित्वातच नव्हते. ‘मिस इंडिया’ हे पद ना संसदेने निर्मिले, ना कोणत्या विद्यापीठाने. ज्याच्यापाशी सभागृह, पंच आणि जाहिरातदार, त्याने ते खुशाल द्यावे. १९६६ साली एकाच देशाच्या दोन मिस इंडिया होत्या : ‘फेमिना’च्या यास्मिन दाजी आणि ‘ईव्हज वीकली’च्या रीटा फारिया. एक मिस युनिव्हर्सला गेल्या, दुसऱ्या मिस वर्ल्डला.

परदेशातील मूळ स्पर्धांची जातकुळीही निराळी नाही. अटलांटिक सिटीच्या व्यापाऱ्यांनी उन्हाळा सरल्यावरही पाहुणे टिकावेत म्हणून जी जत्रा मांडली, तीतून १९२१ साली मिस अमेरिका निघाली. पुढे १९५१ च्या मिस अमेरिका योलांद बेटबीझ यांनी कॅटॅलिना कंपनीचे पोहण्याचे कपडे घालून मिरवण्यास साफ नकार दिला. कंपनी चिडून बाहेर पडली आणि १९५२ साली लाँग बीच येथे तिने स्वतःची मिस युनिव्हर्स उभी केली. विश्वसुंदरीची कुळकथा ही अशी एका कापडवाल्याच्या रुसव्यात आहे. सुरतेच्या कापडबाजाराच्या सावलीत, इच्छापोरला राहणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचे नवल वाटत नाही. ठाण विकायचे तर ते कोणाच्या तरी अंगावर दाखवावेच लागते.

तथापि त्या पहिल्या वर्षांतील ढिलाईत एक मोकळेपणाही होता. इंद्राणी रहमान लाँग बीचला गेल्या त्या विवाहित स्त्री म्हणून, एका मुलीची आई म्हणून. पुढे या स्पर्धांनी विवाहितांना दार बंद केले. मिस युनिव्हर्सने २०२३ पासून ते पुन्हा उघडले तेव्हा केवढी सुधारणा म्हणून डंका वाजला. इंद्राणीबाई त्याच दारातून एकाहत्तर वर्षांपूर्वी आत जाऊन आल्या होत्या. ओडिसी नृत्य पाश्चात्यांपर्यंत नेणाऱ्या या नर्तकीच्या चरित्रात तो मुकुट एखाद्या तळटीपेएवढा उरतो, आणि ते योग्यच आहे.

खरी कसोटी लागली ती १७ नोव्हेंबर १९६६ नंतर. मुंबईत जन्मलेल्या, गोमंतकीय घरातील, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या रीटा फारिया त्या दिवशी लंडनमध्ये मिस वर्ल्ड झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच आशियाई. गोवा मुक्त होऊन पुरती पाच वर्षे झाली नव्हती. तो महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा याचा कौल १६ जानेवारी १९६७ रोजी व्हायचा होता. (तो वाद येथे उकरून काढत नाही, या नियतकालिकाचे वाचक दोन्ही बाजूंना आहेत.) गोमंतकीय कोण, हे गोमंतकीयांनाच ठरवायचे असताना त्यांचीच एक कन्या जगापुढे ‘इंडिया’ म्हणून उभी होती.

त्या नाताळात रीटा बॉब होप यांच्या चमूबरोबर व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांपुढे गेल्या. भारत तेव्हा व्हिएतनामच्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचा अध्यक्ष होता. भारत सरकारने या दौऱ्यास आक्षेप घेतला. पण कोणत्या अधिकाराने? किताब खाजगी, मुकुट परदेशी संस्थेचा. सरकारचा संबंध काय तो पासपोर्टापुरता. सरकारी आश्रयाचा भास होईल अशी नावे व्यापारात वापरण्यास १९५० च्या कायद्याने मनाई केली आहे खरी, परंतु तो भास कोणी निर्माण केला असेल तर स्पर्धा भरवणाऱ्यांनी, स्पर्धक मुलीने नव्हे. देशाचे नाव फुकट वापरले गेले तेव्हा दिल्ली गप्प होती. त्या नावाची अडचण झाली तेव्हा ती जागी झाली, आणि जाब विचारला गेला तो एका विद्यार्थिनीला. सरकारच्या चिंतेला परराष्ट्रनीतीचा आधार होता हे मला मान्य आहे. पण तिचे लक्ष्य चुकले, असे माझे स्पष्ट मत आहे.

रीटा यांनी तो मुकुट वर्षभर वागवला. मग मॉडेलिंग व चित्रपट यांच्या वाटेला न जाता त्या लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात आपला वैद्यकीचा अभ्यास पुरा करण्यास गेल्या, आणि पुढे डब्लिनला स्थायिक झाल्या. वैद्यकीच्या त्या पदवीमागे मात्र परीक्षा होती, विद्यापीठ होते आणि नोंदवही होती.