सहा तासांचें प्रायश्चित्त

ज्या ग्रंथाचा वाचक ग्रंथ सोडून उठूं शकत नाहीं, त्या ग्रंथाचें परीक्षण करण्याचा प्रसंग टीकाकारावर सहसा येत नाहीं. कादंबरी कंटाळवाणी झाली तर वाचक ती मिटून ठेवतो. नाटक रंगलें नाहीं तर प्रेक्षक दुसऱ्या अंकानंतर घरची वाट धरतात. आणि हें भय मनांत असतें म्हणूनच लेखक कांहीं तरी धडपड करतो. परंतु अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल चिठ्ठी मिळालेल्या चालकांसाठीं जे ऑनलाइन शिक्षणक्रम रचलेले आहेत, त्यांच्या कर्त्यांस हें भय मुळींच नाहीं. त्यांचा वाचक कायद्यानें जखडून त्यांच्या स्वाधीन केलेला असतो. असा एक शिक्षणक्रम आम्हीं नुकताच पहिल्या पानापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत वाचला. तो कां वाचावा लागला, हें सांगितल्यावांचून त्याविषयीं मत देणें अप्रामाणिकपणाचें होईल.

शाळेजवळच्या रस्त्यावर सकाळीं पिवळे दिवे लुकलुकत असतां ताशीं २० मैलांची मर्यादा असते. त्या मर्यादेंत आम्ही ३५ मैलांनीं चाललों होतों. पोलिस अधिकाऱ्यानें गाडी थांबविली, कागद पाहिले, आणि सौम्यपणें विचारलें, "मागें कोपऱ्यावर उभी असलेली मुलगी आपण पाहिलीत काय?" आम्हीं ती पाहिली नव्हती. मान वळवून पाहिलें, तों पाठीवर दप्तर घेतलेली एक लहान मुलगी आईचा हात धरून रस्ता ओलांडीत होती. अधिकाऱ्यानें पुढें उपदेश केला नाहीं. चिठ्ठी हातांत दिली आणि तो गेला.

अशा अपराध्यास टेक्सासचा कायदा एक वाट मोकळी ठेवतो. वेग मर्यादेहून २५ मैल किंवा अधिक नसावा, मागील बारा महिन्यांत हीच सवलत घेतलेली नसावी, गाडीचा विमा असावा. मग न्यायालयाचा खर्च भरून, ९० दिवसांच्या आंत सहा तासांचा शिक्षणक्रम पुरा करून दाखला सादर केला, म्हणजे आरोप काढून टाकला जातो. मात्र अर्जांत दोहोंपैकीं एक लिहावें लागतें : "गुन्हा कबूल", किंवा "आम्ही प्रतिवाद करीत नाहीं". हा दुसरा शब्दप्रयोग मोठा चतुर आहे. त्यांत कबुलीही नाहीं आणि नकारही नाहीं. आम्हीं तोच लिहिला.

येथें आपल्या धर्मशास्त्राची आठवण होणें साहजिक आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताचा असून विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत त्याचा विस्तारानें विचार केला आहे. प्रायश्चित्तांत अनुतापास आणि पाप बोलून दाखविण्यास मोठें स्थान आहे. पुढें मात्र कृच्छ्राच्या ऐवजीं गाय, गायीच्या ऐवजीं तिचें मूल्य, असे प्रत्याम्नाय निघाले, आणि देहाचा दंड द्रव्यावर भागूं लागला. टेक्सासच्या कायद्यानें काळाचा प्रत्याम्नाय काढला आहे. आमच्या मतें तो द्रव्याहून बरा. कारण द्रव्य श्रीमंताजवळ अधिक असतें, पण सहा तास सर्वांचे सारखेच लांब असतात.

आतां ग्रंथाकडे वळूं. या वाङ्मयप्रकाराचें कूळ जुनें आहे. १९१३ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल सेफ्टी कौन्सिल या संस्थेनें १९६४ मध्यें आपला 'डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग'चा शिक्षणक्रम सुरू केला. त्याआधीं १९५२ सालीं हॅरॉल्ड स्मिथ यानें आपली पद्धति काढून पांच सूत्रें सांगितलीं होतीं : नजर दूर ठेवा, सगळें चित्र पाहा, डोळे फिरते ठेवा, निसटण्यास वाट राखा, आणि आपण दुसऱ्यास दिसतों आहों याची खात्री करा. सूत्रवाङ्मयाची सवय असलेल्या मराठी वाचकास हीं पांच सूत्रें सहज पाठ होतील. त्यांवर जें भाष्य आमच्यापुढें आलें, तें मात्र त्यांस शोभण्यासारखें नाहीं.

पहिला दोष रचनेचा. प्रत्येक पानावर घड्याळ लावलेलें असून नेमलेला वेळ संपल्याविना पुढचें पान उघडत नाहीं. ज्यानें मजकूर दोन मिनिटांत समजून घेतला, तोही उरलेला वेळ भिंतीकडे पाहत बसतो. वेळ भरावयाचा असल्यामुळें कर्ता एकच गोष्ट तीन वेळां सांगतो. आणि मधून मधून वाचणारा तोच इसम आहे कीं नाहीं हें ताडून पाहण्यासाठीं खाजगी प्रश्न विचारतो. मद्यपानाचे परिणाम वाचण्यांत आम्ही गढलों असतां पहिल्या शाळेचें नांव एकाएकीं विचारलें गेलें, तेव्हां रसभंग या शब्दाचा अर्थ नव्यानें कळला.

गुण नाहींत असें नाहीं. गाडी थांबण्यास लागणाऱ्या अंतराचें प्रकरण खरोखर उत्तम आहे. ताशीं ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यांतच गाडी १३२ फूट पुढें जाते. म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या, आणि ब्रेक तर अद्याप लागलेलाच नाहीं. ५५ मैलांच्या वेगांत पांच सेकंद फोनकडे पाहिलें, तर सुमारें ४०० फूट रस्ता आंधळेपणानें कापला जातो. शिक्षणक्रमांत येथें अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाची उपमा आहे. आम्हीं ती सोडून सहा खेळपट्ट्या मनांत आणल्या, आणि अंगावर कांटा आला. गतीची शक्ति वेगाच्या वर्गानें वाढते, हेंही तेथें नीट सांगितलें आहे. आम्हीं लगेच आमचाच हिशेब केला : २० च्या जागीं ३५, म्हणजे वेग पावणेदोन पट आणि आघात तिपटीहून अधिक. हा हिशेब शाळेंत शिकलेल्या गणिताचाच होता. पण त्या कोपऱ्यावर तो आम्हांस आठवला नव्हता.

दुसरा दोष याहून खोल आहे, आणि तो नायकाच्या कल्पनेंतला आहे. 'डिफेन्सिव्ह' या शब्दांतच गृहीत धरलें आहे कीं संकट बाहेरून येतें. या ग्रंथांत दारू प्यालेला दुसरा, मागें चिकटून येणारा दुसरा, संतापून ओरडणारा दुसरा. आणि वाचक तेवढा दूरदर्शी व क्षमाशील. परंतु हा वाचक येथें आला तो स्वतःच्या अपराधामुळें! ज्याच्यापासून सावध राहावें असें ग्रंथ सांगतो, तो 'दुसरा' तोच आहे. त्या मुलीच्या आईच्या दृष्टीनें तो दुसरा आम्हीच होतों. सबंध सहा तासांत तुम्हीं काय केलें, आणि त्या वेळीं तुम्हांस काय दिसलें नाहीं, हा प्रश्न ग्रंथानें एकदांही विचारला नाहीं. पहिल्या शाळेचें नांव विचारणाऱ्यास हें विचारणें अवघड नव्हतें.

अशा शिक्षणानें अपघात कमी होतात काय? परवाना मिळाल्यानंतरच्या चालक-शिक्षणावरील प्रयोगांचा आढावा कॉक्रेन या नांवाच्या संशोधन-संघटनेनें २००३ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत अपघात किंवा इजा कमी झाल्याचा पुरावा आढळला नाहीं. यावरून शिक्षण निरर्थक ठरत नाहीं. पण माहितीनें वर्तन बदलतें ही सुशिक्षितांची आवडती समजूत मात्र ढिली होते. आपल्या देशांतही २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानें परवाना काढून घेतलेल्या चालकांसाठीं उजळणी-शिक्षणक्रमाची तरतूद केली आहे. तो रचणारांनीं घड्याळाचें अनुकरण करण्यापूर्वी नायकाचा विचार करावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.

आम्ही उत्तीर्ण झालों. दाखला न्यायालयांत गेला, आरोप निघाला, आणि कागदोपत्रीं आम्ही निर्दोष आहों. तथापि "प्रतिवाद करीत नाहीं" हें वाक्य मनास पटेना. म्हणून जी कबुली अर्जांत दिली नाहीं ती येथें देतों : ती मुलगी आम्हीं पाहिली नव्हती, आणि त्याचें कारण आमच्याखेरीज दुसरें कोणीही नव्हतें. डॅलस-ह्यूस्टनकडील मराठी कुटुंबांनीं हा शिक्षणक्रम चिठ्ठीची वाट न पाहतां एकदां अवश्य वाचावा. ग्रंथ सुमार आहे. पण अंतराच्या प्रकरणासाठीं तरी वाचावा, आणि वाचतांना जेथें जेथें 'दुसरा' शब्द येईल तेथें तेथें आपलें नांव घालून पाहावें.