श्रद्धा, तर्क आणि तेरचे चैत्यगृह

धर्मश्रद्धेचे समर्थन बुद्धीने व तर्काने करता येते काय, असा प्रश्न निघाला की आमचे लेखक व वक्ते अंगुत्तरनिकायातील कालामसुत्ताकडे बोट दाखवितात आणि प्रश्न मिटला असे समजतात. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी ऐकीव वार्ता, परंपरा व ग्रंथप्रामाण्य यांवर विसंबू नये असे सांगितले. सबब आमचा धम्म तर्काचा धम्म, असा हा युक्तिवाद. आमच्या मते हे सुत्ताचे अर्धेच वाचन होय. ज्या दहा आधारांवर विसंबू नये म्हणून सांगितले, त्यांत 'तक्कहेतु' व 'नयहेतु' हेही आहेत. केवळ तर्काला पटते म्हणून स्वीकारू नये, हेही भगवंतांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. अमुक आचरण हिताचे की अहिताचे, सुज्ञ त्याची निंदा करतात की प्रशंसा, हे स्वतः जाणणे ही तेथील कसोटी.

मज्झिमनिकायातील चंकीसुत्त याहून सूक्ष्म आहे. ते आमच्याकडे फारसे वाचले जात नाही. श्रद्धेने घट्ट धरलेली गोष्ट पोकळ निघू शकते, आणि नीट विचार करून ठरविलेले मतही तसेच पोकळ निघू शकते, असे ते सांगते. म्हणून श्रद्धावंताने 'माझी अशी श्रद्धा आहे' एवढेच म्हणावे. तेवढ्या आधारावर 'हेच सत्य, बाकी सारे मिथ्या' असा निर्णय देऊ नये. यास तेथे सच्चानुरक्खणा, म्हणजे सत्याचे रक्षण, असे नाव आहे. विशेष हे की, गुरूच्या ठायी लोभ, द्वेष, मोह आहेत काय हे पारखल्यानंतरच तेथे श्रद्धा उत्पन्न होते, आणि तीही शोधाची केवळ पहिली पायरी असते.

हा विचार आमच्या जिल्ह्यात पदोपदी उपयोगी पडतो. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील त्रिविक्रम मंदिर विटांचे व गजपृष्ठाकार आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री कझिन्स यांनी त्याची पाहणी केली, आणि ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे हे मत पुढे रूढ झाले. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले. अनुमान बळकट आहे, हे आम्हीही मानतो. परंतु गजपृष्ठाकार वास्तू म्हणजे बौद्धच, हा नियम नव्हे. ऐहोळेचे दुर्ग मंदिर त्याच आकाराचे असून ते बौद्ध नाही. तेव्हा व्यासपीठावरून 'असावे' या शब्दाचे 'होतेच' होते, तेथे सत्याचे रक्षण सुटते. दुसऱ्यांच्या स्थळपुराणांना पुरावा मागणाऱ्या आम्हांस ही सवलत कोणी दिली?

बाबासाहेबांच्या नावाने हीच चूक होते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या तीन आहेत. बुद्धिसंगती ही पहिली. तीच तेवढी उद्धृत होते. मानवी कल्याणाशी संबंध ही दुसरी. तिसरीत, ज्या विषयांत भगवंतांना निश्चिती होती आणि ज्यांत नव्हती, त्यांचा भेद केला आहे. दुसऱ्या प्रकारची मते तात्पुरती मानावयाची. चंकीसुत्ताशी तिचे नाते उघड आहे.

काही वर्षांपूर्वी तेर येथे विद्यार्थ्यांसमवेत गेलो असता एका विद्यार्थ्याने सोबतच्या वृद्ध उपासिकेस विचारले, "आजी, तुम्ही काही वाचलेलं नाही, मग धम्म खरा कशावरून?" ती म्हणाली, "दीक्षा घेतली अन् मेलेलं जनावर ओढायचं सोडलं बाबा. घरातली दारू गेली, पोरी शाळेत गेल्या. अजून काय बघू?" विद्यार्थ्यास हे उत्तर तर्कशुद्ध वाटले नाही. आम्ही त्यास कालामसुत्त पुन्हा, शेवटपर्यंत, वाचावयास सांगितले.