माकडतापाचे नाव

रोगांच्या नावांची समीक्षा करावयाची, आणि तीही दिवाळी अंकात, म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी मांडण्यासारखे झाले, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या रचनेला लेखक नाही, प्रकाशक नाही, जी लहानथोरांच्या तोंडी असते आणि जिच्यातली चूक जिवावर बेतू शकते, तिच्याकडे आपले समीक्षक कधी वळून पाहत नाहीत, याचे मला नवल वाटते. रोगाचे नाव ही तीन-चार अक्षरांचीच रचना. पण रोगाविषयी गावात जे कळते त्यातले बरेचसे त्या अक्षरांतूनच कळते.

आपली जुनी नावे डोळ्यांनी ठेवलेली आहेत. धनुर्वातात शरीर धनुष्यासारखे ताणते, हत्तीरोगात पाय हत्तीचा होतो, हिवतापात हीव भरते. चित्र म्हणून ही नावे इतकी नेमकी, की एखाद्या कवीला हेवा वाटावा. पण ती सारी आजाऱ्याच्या खाटेपाशी उभे राहून ठेवलेली आहेत. रोग कोणत्या वाटेने घरात शिरला हे त्यांतले एकही सांगत नाही. हत्तीरोग आणि हिवताप दोन्ही डासामुळे होतात, नावांत मात्र डास कोठेच नाही. युरोपियनांनी तरी निराळे काय केले? 'मलेरिया' म्हणजे इटालियन भाषेत वाईट हवा. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात त्या रोगाचे जंतू सापडले, तरी नाव हवेवरच राहिले.

एका बाबतीत मात्र मराठीने मोठी गंमत केली आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली. पुढे ही लस गावोगाव पोचली, तेव्हा लोकांनी तिच्यासाठी नवा शब्द शोधला नाही. देवता ती देवी, रोग तो देवी, आणि लसही देवीच! नाम तेच ठेवले आणि क्रियापद बदलले. 'देवी आल्या' म्हणजे रोग झाला; 'देवी काढल्या' म्हणजे लस टोचली. येणे देवीच्या मर्जीचे आणि काढणे माणसाच्या हातचे, हा भेद एवढ्या एका क्रियापदात आला, आणि कोणाच्या श्रद्धेला धक्काही लागला नाही. १९८० साली तो रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले, तो लसीने गेला हे खरे. पण दंड पुढे करणाऱ्या आईला ती लस परकी वाटू नये, याची सोय भाषेने केली होती असे मला वाटते.

या कसोटीला आपल्या जिल्ह्यातला आजचा शब्द लावून पाहावा. तो शब्द म्हणजे 'माकडताप'. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधून काढला. पुढे अनेक वर्षे तो ताप त्या मुलखातच राहिला. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरीत दिसला आणि २०१६ साली सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. मग सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला त्याने बरेच बळी घेतले. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर बसणाऱ्याला हा डोंगरपट्टीचा, दूरचा रोग वाटतो. पण ज्याची काजूची बाग त्या बाजूला आहे त्याला तो दूरचा नाही.

आता हे नाव काय सांगते? माकडापासून दूर राहा, एवढेच. आणि वस्तुस्थिती काय आहे? माकड हे या रोगाचे पहिले बळी आहे. खरी गुन्हेगार गोचीड. ती माकडाला चावते, माकड मरते, आणि थंड पडलेल्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी जमिनीवर नवे अंग शोधू लागतात. तेव्हा सारा दोष माकडाच्या माथी मारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. बरे, आपल्याकडे वानर निराळे आणि माकड निराळे; ताप दोघांनाही मारतो, नाव मात्र एकाचेच. आणि माणसाकडून माणसाला हा ताप होत नसताना, नुसत्या नावाच्या दहशतीने आजाऱ्याच्या घराकडे पाठ फिरवली जाते, ते वेगळेच.

तरीही या नावाला एक गुण द्यावा लागेल. मेलेले माकड दिसणे ही धोक्याची पहिली खूण आहे. त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे, हे या नावामुळे लक्षात राहते. बातमी म्हणून नाव चांगले, सल्ला म्हणून वाईट.

मग 'गोचीडताप' म्हणावे काय? मलाही प्रथम तेच सुचले. पण गुरांच्या एका दुखण्याला हे नाव आधीच दिलेले आहे. शिवाय गोचीड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती म्हशीच्या कानामागची, रक्त पिऊन टम्म फुगलेली. माणसाला हा ताप देते ते बहुधा गोचिडीचे अर्धवट वाढलेले पिल्लू, तिळाएवढे किंवा त्याहूनही बारीक. अंगावर चढले तरी कळत नाही. शत्रूचे नाव बरोबर आणि तसबीर चुकीची, अशी त्या शब्दाची गत होते.

माझ्या मते नाव जागेवरून ठेवावयास हवे होते. ही पिल्ले असतात पातेऱ्यात, म्हणजे झाडाखाली वाळून पडलेल्या पानांच्या थरात. डिसेंबरापासून मेपर्यंत त्यांचा जोर. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपला शेतकरी काजूची बोंडे वेचतो, भाजावळीसाठी पातेरा गोळा करतो, भारा बांधून डोक्यावर घेतो, दमला की त्याच पातेऱ्यावर टेकतो. 'पातेऱ्याचा ताप' म्हटले असते, तर जागा कळली असती, हंगाम कळला असता आणि कोणी जपावयाचे तेही कळले असते. यावर आक्षेप येईल की पातेऱ्यावाचून शेती कशी व्हावयाची? पातेरा सोडा असे मी म्हणत नाही. अंग झाकून जावे, हातापायांना डेपा तेल लावावे, घरी येताच कढत पाण्याने आंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाकावेत. कर्नाटकात वर्षानुवर्षे दिलेली लस पुरेशी गुणकारी ठरली नाही आणि २०२२ पासून ती बंद झाली. तेव्हा सध्या तरी सारी भिस्त अशा सांगण्यावरच आहे, आणि म्हणून सांगण्याच्या भाषेकडे इतके बारकाईने पाहावयाचे.

ही छापील भाषा कशी असते? 'घ्यावी', 'टाळावे', 'संपर्क साधावा'. कोणी कोणाला सांगितले, याचा पत्ता नाही. या उलट आपले गाऱ्हाणे पाहा. देवळात गावचा मानकरी उभा राहून बोलतो, तेव्हा शेतातल्या माणसाचे, गोठ्यातल्या गुराचे, मुंबईत गेलेल्या चाकरमान्याचे, प्रत्येकाचे निराळे मागणे मांडतो. रोगराई गावाच्या शिवेपलीकडे घालव म्हणतो, आणि दर वाक्यामागे सारी मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणून ते आपले करतात. रोग त्याने शिवेपलीकडे जातो असा माझा दावा नाही. हा ताप तर राज्यांच्या शिवा ओलांडूनच आला. पण ऐकणाऱ्याला बरोबर घेऊन बोलण्याची ही रीत पत्रक लिहिणाऱ्यांनी कधी उचलली नाही.

उचलली आहे ती गावच्या आशाताईने. तेलाची बाटली घेऊन ती दारात येते, खळ्यात बसते, आणि 'काकी, उद्या काजीत कोण जातला?' असे विचारून बोलायला सुरुवात करते. जाणाऱ्याच्याच हातात ती बाटली देते, आणि तेल कोपरापर्यंत कसे चोळावयाचे ते स्वतःच्या हातावर चोळून दाखवते. तिचे हे बोलणे कोणी लिहून घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.