‘आपण’ कोण आणि ‘ते’ कोण? मुलांच्या मासिकांची भाषा

आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. मुलांच्या मासिकांकडे आपण दोन प्रकारे पाहतो. एक तर ‘आमच्या लहानपणी काय मासिकं होती!’ म्हणून उसासा टाकतो, नाहीतर ‘मुलं हल्ली वाचतच नाहीत’ म्हणून चिंता करतो. दोन्हीमध्ये एक गोष्ट राहून जाते. मासिकात लिहिलेलं काय असतं, ते कोणत्या वाक्यांत लिहिलेलं असतं, हे आपण तपासत नाही. आज तेवढंच करू या.

आधी या परंपरेचं ऋण मान्य करू. अमेरिकन मिशनचा ‘बालबोधमेवा’ एकोणिसाव्या शतकातला. वा. गो. आपट्यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ काढलं. १९५२ पासून ‘चांदोबा’ मराठीत आला. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ मध्ये सुरू झालं. ज्या घरात पाठ्यपुस्तकापलीकडे छापील कागद येत नव्हता, तिथे यांतलं एखादं मासिक म्हणजे दुसरी शाळाच होती. तेव्हा टीका करायची ती मोडीत काढण्यासाठी नव्हे. ज्याचा मुलांवर परिणाम होतो, त्याचीच टीका करण्यात अर्थ असतो.

आता आपण काही नमुना वाक्यं घेऊ. ही कुठल्या एका अंकातली नाहीत, आपणच तयार केलेली आहेत. पण ऐकताच ओळखीची वाटतील.

‘डॉक्टर गावात आले. त्यांनी मुलांना तपासलं.’ ‘गवंडी आला. त्याने भिंत रचली.’ या वाक्यांत खोटं काहीच नाही. अपशब्दही नाही. पण डॉक्टर ‘आले’ आणि गवंडी ‘आला’. मराठीने आपल्याला आदरार्थी बहुवचन दिलं आहे आणि ते आपण कुणाकुणाला वाटतो, याचा हिशेब क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात लिहिलेला असतो. माहिती सांगणारा लेख अशा रीतीने समाजाची उतरंडही सांगत असतो, तीही न सांगता.

इथे कुणी म्हणेल, ‘सर, मुलांना एवढं कुठे कळतं?’ उलट, मुलांना हेच आधी कळतं. पाच-सहा वर्षांचं मूल ‘सर आले’ आणि ‘शिपाई आला’ असं बिनचूक बोलतं. त्याला हा नियम कुणी फळ्यावर लिहून शिकवलेला नसतो. जे शिकवलं जातं, त्यावर मूल निदान ‘का?’ म्हणून विचारू शकतं. जे न शिकवता मुरतं, त्यावर प्रश्नच उभा राहत नाही.

पण लगेच निकाल देऊ नये. एकवचन म्हणजे अपमान, असं समीकरण मराठीत चालत नाही. आपण आईला ‘तू’ म्हणतो, विठोबालाही ‘तू’ म्हणतो. जवळीकही एकवचनातच बोलते. म्हणून एकट्या वाक्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता येत नाही. पाहायचा असतो तो वाटपाचा नमुना. वर्षभराचे बारा अंक समोर ठेवावेत आणि ‘आले’ कुणाच्या वाट्याला आलं, ‘आला’ कुणाच्या, याची यादी करावी. जवळीक असती तर ती कधीतरी डॉक्टरच्याही वाट्याला आली असती. ती नेहमी एकाच बाजूला पडत असेल, तर ती जवळीक नव्हे.

काही संपादकांनी यावर एक सोपा उपाय शोधला: ‘शेतकरीदादा’, ‘सफाईकाम करणाऱ्या मावशी’, ‘रिक्षावाले काका’. हेतू चांगलाच आहे. पण मग ‘न्यायाधीश मावशी’ का नाहीत? नातं जोडायचं ते फक्त हातांनी काम करणाऱ्यांशी, आणि बाकीच्यांना त्यांच्या पदाने ओळखायचं, म्हणजे उतरंड तशीच राहिली, फक्त तिच्यावर गोडवा चढला.

दुसरा मुद्दा सर्वनामाचा. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद आहे. ‘आपण’मध्ये ऐकणारा सामील असतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर असतो. मुलांची मासिकं बहुधा ‘आपण’ म्हणतात आणि ते आपल्याला प्रेमळ वाटतं. आता हे वाक्य ऐका: ‘आपले आदिवासी बांधव जंगलात राहतात. ते निसर्गाची पूजा करतात.’ समजा, हा अंक डहाणूच्या एखाद्या आश्रमशाळेत पोचला आहे आणि एक वारली मुलगी तो वाचते आहे. या वाक्यात ती कुठे बसेल? ‘आपले’मध्ये बसावं, तर लगेच पुढे ‘ते’ येतं आणि ते ‘ते’ म्हणजे तिचेच आईवडील. तिला स्वतःच्या घराकडे खिडकीबाहेरून पाहायला लावलं जातं. ‘बांधव’ शब्दाने ही जखम भरत नाही. बांधव म्हणायचं आणि बोलायचं मात्र त्याच्याविषयी, त्याच्याशी नाही, ही यातली खरी अडचण आहे.

तिसरा मुद्दा कर्त्याचा. धरणावरची माहिती घ्या. ‘कोयना धरणामुळे वीज मिळाली. काही गावं पाण्याखाली गेली.’ गावं स्वतःहून कुठे जातात? ‘वीज मिळाली’ म्हणताना ती कुणाला मिळाली ते सांगितलं नाही, आणि ‘गावं गेली’ म्हणताना ती कुणी घालवली तेही सांगितलं नाही. कर्ता गेला की जबाबदारी जाते आणि उरतो तो निसर्गाचा एक प्रसंग, पाऊस पडावा तसा. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कितीतरी वर्षं चालला, हे मुलांना झेपणार नाही असं आपण गृहीत धरतो. ‘ज्यांची घरं बुडाली त्यांना दुसरीकडे जावं लागलं, आणि त्यांना जमीन मिळायला फार वेळ लागला’, यात न झेपण्यासारखं काय आहे?

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात खेळण्यांवर एक छोटा निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा, की बाजारातली खेळणी मोठ्यांचं तयार जग लहान करून मुलाच्या हातात देतात. मूल त्या जगाचा वापर करणारा होतो, मालक होतो, पण निर्माता होत नाही. आपल्या मासिकातल्या ‘तुम्हाला माहीत आहे का?’ या सदराला हे किती लागू पडतं पाहा. प्रश्न मोठ्यांचा, उत्तरही मोठ्यांचंच, आणि ते पानाच्या तळाशी उलटं छापलेलं. मुलाने करायचं काय, तर अंक फिरवायचा! ज्याचं उत्तर आधीच छापून ठेवलं आहे, त्याला तत्त्वज्ञानात आपण प्रश्न म्हणत नाही.

मग काही बदललंच नाही का? बदललं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघं भाजी निवडताना दाखवले, त्याची बरीच चर्चा झाली. ते पुस्तक आहे, मासिक नव्हे. पण दिशा तीच आहे आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र चित्र बदलणं सोपं असतं, वाक्य चिवट असतं. ‘आई स्वयंपाक करते. बाबा आईला मदत करतात.’ चित्रात दोघं शेजारी बसले तरी ‘मदत’ हा शब्द सांगतोच की काम मुळात आईचं. शिवाय आई ‘करते’ आणि बाबा ‘करतात’. इथे ते एकवचन जवळिकीचं आहे, हे आपण मघाशी मान्य केलं. पण मग बाबांशी अशी जवळीक का नसावी, हेही विचारायला हवं.

शेवटचा आक्षेप मोठा आहे. ‘समाज असाच आहे, मासिक फक्त आरसा दाखवतं.’ आरशाला निवड नसते, संपादकाला असते. शैक्षणिक मासिक तर ‘हे शिकण्यासारखं आहे’ असं म्हणूनच मुलाच्या हातात दिलेलं असतं. त्याने जे दाखवलं ते मूल नमुना म्हणून घेतं, बातमी म्हणून नव्हे.

तेव्हा आपण करावं काय? घरात मासिक येत असेल तर ते बंद करू नये. एक अंक मुलासोबत घेऊन बसावं आणि तीन गोष्टी शोधाव्यात: ‘आले’ कोण आणि ‘आला’ कोण, ‘आपण’ कोण आणि ‘ते’ कोण, आणि हे कुणी केलं ते वाक्यात आहे की नाही. मुलांना हा खेळ फार आवडतो, कारण यात उत्तर उलटं छापलेलं नसतं. आणि संपादकांना आमची एकच विनंती. अंक छापायला जाण्याआधी तो ज्यांच्याविषयी आहे, त्यांच्यातल्या एका मुलाला वाचायला द्यावा. ते मूल कुठे अडखळतं ते पाहावं आणि ते वाक्य पुन्हा लिहावं.

आज इथेच थांबू या. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.