‘पाडा’ : व्युत्पत्ती, व्याकरण आणि अर्थनिर्णय

प्रस्तावना :
शहापूर व मुरबाड तालुक्यांत ‘पाडा’ हे नाम नित्याच्या बोलण्यात, स्थलनामांत आणि शासकीय कागदपत्रांत आढळते. संस्कृत कोशांत ‘पाटक’ या शब्दाचा अर्थ गावाचा अर्धा किंवा एखादा भाग असा दिला आहे. त्यावरून पाडा म्हणजे मूळ गावाचे केवळ उपांग, असे अनुमान सहज काढता येते. हे अनुमान भाषिकदृष्ट्या कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्युत्पत्ती :
टर्नर यांच्या भारतीय आर्य भाषांच्या तौलनिक कोशात (१९६२-६६) मराठी ‘पाडा’, गुजराती ‘पाडो’ व बंगाली ‘पाड़ा’ ही रूपे ‘पाटक’ या मुळाखाली येतात. दोन स्वरांमधील ‘ट’चा ‘ड’ होतो. अन्त्य ‘अक’चा मराठीत ‘आ’, तर गुजरातीत ‘ओ’ होतो. ‘घोटक–घोडा–घोडो’ ही मालिका याच नियमाची साक्ष देते. मूळ एकच असले तरी अर्थ मात्र वेगळे झाले. गुजरातेतील पाटणचा ‘पाडो’ म्हणजे दाट वस्तीची गल्ली, कोलकात्याचा ‘पाड़ा’ म्हणजे शहरातील मोहल्ला आणि ठाणे जिल्ह्यातील ‘पाडा’ म्हणजे डोंगराच्या कुशीतील सुटी वस्ती. सारांश, व्युत्पत्तीवरून शब्दाचा उगम कळतो, आजचा अर्थ ठरत नाही.

व्याकरण :
‘पाडा’ हे आकारान्त पुल्लिंगी नाम असून अनेकवचन ‘पाडे’ व सामान्यरूप ‘पाड्या–’ होते. बंगालीत या नामाला व्याकरणिक लिंग नाही. मराठीत ‘ठाकूरपाडा’सारख्या सामासिक नामाचे लिंग व विकार उत्तरपदानुसार होतात : ‘ठाकूरपाड्याला’. याहून अर्थपूर्ण पुरावा स्थलवाचक प्रयोगात सापडतो. गावाच्या अंतर्गत भागांना ‘त’ प्रत्यय लागतो : ‘आळीत’, ‘पेठेत’. याउलट ‘पाड्यात’ हे रूप असूनही ‘पाड्यावर’, ‘पाड्यावरची शाळा’ असे प्रयोग रूढ आहेत. ‘मळ्यावर’, ‘वस्तीवर’ यांच्याशी त्यांचे साम्य आहे. म्हणजे भाषकाच्या जाणिवेत पाडा गावाच्या पोटात नसून स्वतंत्र स्थळ आहे.

समारोप :
हा प्रश्न केवळ कोशाचा नाही. संपूर्ण शहापूर तालुका व मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे लागू असलेल्या १९९६च्या ‘पेसा’ कायद्याने आपले व्यवहार परंपरेनुसार चालविणाऱ्या समाजाच्या पाड्यालाही ‘गाव’ मानले असून, महाराष्ट्राच्या २०१४च्या नियमांत तशा घोषणेची कार्यपद्धती दिली आहे. कायद्याने १९९६मध्ये जे मान्य केले, ते ‘पाड्यावर’ या साध्या प्रयोगात बोलीने आधीच नोंदवून ठेवले होते. ‘पाटक’चा प्राचीन अर्थ पुढे करून पाड्याला गौण ठरविणे म्हणूनच शास्त्रीय ठरत नाही.