दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरा

मागच्या दिवाळीत पुलगावच्या एका मित्राने व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट पाठवला. एका हिंदी वेबसिरीजमधला लग्नाचा प्रसंग होता. पुढे हिरो, त्याच्या खांद्यामागे पन्नासेक पाहुणे आणि त्यातल्या एका धूसर चेहऱ्याभोवती लाल गोल. खाली मेसेज : "पायलं का बे? दुसऱ्या लायनीत, डावीकून तिसरा. मीच आहो."

मी तो एपिसोड शोधून काढला. शॉट जेमतेम दोन सेकंदांचा. चार वेळा मागे नेला, पाचव्यांदा पॉज केला, तेव्हा कुठे तो सापडला. तो शेजाऱ्याशी हसून काहीतरी बोलत होता. नंतर त्याने सांगितलं, बोलत काहीच नव्हतो, नुसते ओठ हलवत होतो. हिरोचं वाक्य स्वच्छ रेकॉर्ड व्हावं म्हणून मागच्यांनी आवाज करायचा नसतो. पण गप्पा मारताना दिसायचं मात्र असतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याने हेच केलं.

या कामाला पूर्वी 'एक्स्ट्रा' म्हणायचे, आता 'ज्युनिअर आर्टिस्ट' म्हणतात. नाव सुधारलं, पण वर्गवारी राहिली. कपडे, रंग आणि राहणीमान बघून कोऑर्डिनेटर माणसं निवडतो. पार्टीच्या सीनला 'डिसेंट' चेहरे, बाजाराच्या आणि मोर्च्याच्या सीनला बाकीचे. माझा मित्र एरवी 'बाकीच्यां'मध्ये असतो. त्या दिवशी सूट अंगाला बसला म्हणून लग्नात शिरला.

त्या स्क्रीनशॉटनंतर माझी सिनेमा बघायची पद्धत बदलली. कथा, अभिनय, कॅमेरा हे सगळं बघतोच. पण आता एक प्रश्न आधी पडतो : हा सिनेमा आपल्या गर्दीकडे कसा बघतो?

ज्युनिअर आर्टिस्टला थेट नायक करणारा आपल्याला माहीत असलेला सगळ्यात मोठा सिनेमा म्हणजे 'ओम शांती ओम' (२००७). ओमप्रकाश मखीजा ज्युनिअर आर्टिस्ट आहे, त्याची आईही एकेकाळी तेच काम करायची. सिनेमा धमाल आहे, मी अनेकदा पाहिलाय. शेवटच्या श्रेयनामावलीत पडद्यामागच्या माणसांना रेड कार्पेटवरून चालवलंय, तेही मनापासून आवडतं. पण कथेचा सांगाडा बघा. ओम मरतो आणि एका स्टारच्या घरी पुन्हा जन्म घेतो. मग तो आपोआप हिरो होतो. म्हणजे मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत येण्याची वाट कोणती, तर मरायचं आणि योग्य घरात जन्मायचं. घराणेशाहीवर याहून कडवी टीका करता आली असती. सिनेमा मात्र ती गाण्यांत विरघळवून टाकतो.

'कामयाब' याच्या उलट वाटेने जातो. हार्दिक मेहताच्या या सिनेमात संजय मिश्राचा सुधीर हा निवृत्त 'साइड अॅक्टर' आहे. त्याला कळतं की आपले ४९९ सिनेमे झालेत, आणि तो पाचशेवा करायला बाहेर पडतो. सुधीर गर्दीतला नाही, त्याला एखाददुसरं वाक्य मिळत आलंय. तरी त्याचं दुखणं माझ्या मित्राच्या दुखण्याच्या जवळचं आहे. लोकांना चेहरा आठवतो, नाव आठवत नाही. सिनेमा सुधीरला संत करत नाही. त्याचा हट्ट, त्याची फजिती, घरच्यांना होणारा मनस्ताप, सगळं दाखवतो.

हा सिनेमा ६ मार्च २०२० ला प्रदर्शित झाला आणि काही दिवसांतच थिएटरं बंद झाली. पुढे शूटिंग सुरू करायला परवानगी मिळाली, तेव्हा राज्य सरकारने ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला मनाई केली. त्याविरुद्ध छोट्या भूमिका करणारा सत्तरीचा एक कलाकार मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने ती अट रद्द केली. सुधीरसारखाच एक माणूस प्रत्यक्षात उभा राहिला आणि जिंकलाही. यावर सिनेमा कुणी काढला नाही.

आता आपल्या भागाकडे. नागराज मंजुळेचा 'झुंड' (२०२२) पुलगावच्या आमच्या गँगने नागपूरला जाऊन पाहिला. नागपूरच्या वस्तीतली पोरं पडद्यावर आमच्यासारखीच हिंदी बोलत होती. एरवी अशी पोरं सिनेमात दोनच कामांना येतात : हिरोचा मार खायला किंवा हिरोच्या मागे नाचायला. इथे तीच समोर आहेत. बोराडे सरांच्या घरी ती एकेक करून आपापली गोष्ट सांगतात, तेव्हा अमिताभ बच्चन फक्त ऐकतो. पन्नास वर्षं ज्याच्यासाठी मागची माणसं गप्प बसली, तो स्टार आता मागच्यांसाठी गप्प बसलाय. माझ्या मते हा या सिनेमातला सगळ्यात धाडसी क्षण आहे.

तक्रारही आहे. पुढे बोराडेंना लांब भाषण मिळतंच, आणि पोरांनी स्वतः जे दाखवून दिलं होतं ते मोठ्या माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकावं लागतं. मंजुळेलाही स्टारचा हिशेब चुकवता आलेला नाही. पोस्टरवर कोणाचं नाव मोठं होतं ते आठवा.

त्याच्याच 'फँड्री'त (२०१३) गर्दीचा वापर याहून निष्ठुर आहे. जब्याचं घर डुकरामागे धावतंय आणि गाव मॅच बघावी तसं बसून हसतंय. इथे गर्दी सजावट नाही, तीच गुन्हेगार आहे. म्हणून शेवटचा दगड कॅमेऱ्याकडे येतो. त्या क्षणी आपण थिएटरातली माणसं त्या गर्दीची मागची रांग होतो.

पण मला सगळ्यात न्यायी वाटतो तो चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४). नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार त्यात लोकशाहीर नारायण कांबळे झाले होते. कॅमेरा लांब, स्थिर. मुख्य खटल्याच्या अवतीभवती दुसऱ्यांचे खटले चालू असतात. बिनबाह्यांचा टॉप घातला म्हणून एका बाईची सुनावणी न्यायाधीश पुढे ढकलतो. ती येते, निघून जाते, पुन्हा दिसत नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात तिलाही एक आयुष्य आहे, तिचाही दिवस वाया गेलाय, हे कळतं. तिथे कुणी 'बॅकग्राउंड' नाही. नारायण कांबळेचा खटला हा त्या दिवसाच्या यादीतला फक्त एक.

आमचं पुलगाव स्वतःच मागच्या रांगेतलं गाव आहे. मुंबई-हावडा लाइनवरचं स्टेशन, बंद पडलेली कापड गिरणी, लष्कराचं दारूगोळा भांडार. देशभरच्या कॅमेऱ्यांनी आमच्याकडे रोखून पाहिलं ते ३१ मे २०१६ ला, भांडारात स्फोट होऊन माणसं गेली तेव्हा. चार दिवसांनी कॅमेरे निघून गेले. म्हणून असेल, पण एखादा सिनेमा मागच्या माणसावर दोन सेकंद जास्त थांबला की मला तो लगेच आपला वाटतो. ही भावुकता आहे, हे मला कळतं. पण समीक्षकाने आपण कोणत्या रांगेत बसून बघतोय हे सांगितलेलं बरं.

मित्र अजून मुंबईत आहे. परवा त्याची आई मला म्हणाली, "बाबू, तो हिरो काढून टाक अन् माह्या पोराचा फोटो मोठा करून दे." मी प्रयत्न केला. हिरो निघाला. पण पोराचा चेहरा मोठा करत गेलो तसे नुसते चौकोन दिसायला लागले. शेवटी होता तसाच फोटो, हिरोसकट, प्रिंट करून दिला. तिने हिरोच्या तोंडावर फ्रेममध्ये गणपतीचं छोटं स्टिकर लावलंय.