एकसरचे वीरगळ व सोमेश्वराचें सागरमरण

मुंबईच्या उत्तरेस बोरीवलीनजीक एकसर येथें जे वीरगळ उभे आहेत, त्यांचें वर्णन ठाणें जिल्ह्याच्या इ. स. १८८२ च्या गॅझेटियरांत आल्यापासून कोंकणच्या नाविक इतिहासांत त्यांचा उल्लेख हटकून होतो. त्यांतील कांहीं शिळांवर भूयुद्ध आहे, तर कांहींवर डोलकाठीचीं व वल्ह्यांच्या ओळींचीं गलबतें एकमेकांवर चालून जात आहेत. हा देखावा म्हणजे देवगिरीचा यादव महादेव व उत्तर कोंकणचा शिलाहार सोमेश्वर यांचा इ. स. १२६५ च्या सुमाराचा संग्राम होय, असें मत बरेंच रूढ झालें आहे. त्याचे आधार कितपत भक्कम आहेत, हें येथें पाहावयाचें आहे.

प्रथम शिळेचीच साक्ष घेऊं. वीरगळाची मांडणी ठरलेली असते. खालीं युद्ध व मरण, मध्यें अप्सरांसह ऊर्ध्वगमन, वर शिवलिंगाची पूजा. एकसरच्या शिळांवर योद्ध्याचें नांव किंवा शक वाचावयास मिळत नाहीं. विजय कोणाचा झाला, हेंहि वीरगळावरून ठरत नाहीं. कारण हरलेल्या पक्षाचा वीरहि स्वर्गासच जातो. येथील माणसें समुद्रावर लढून मेलीं व त्यांच्या मागें राहिलेल्यांनीं एवढ्या मोठ्या शिळा कोरविल्या, इतकेंच निःसंशय म्हणतां येतें.

दुसरी साक्ष हेमाद्रीची. चतुर्वर्गचिंतामणीच्या व्रतखंडास जोडलेली राजप्रशस्ति डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं आपल्या दक्षिणेच्या इतिहासाच्या परिशिष्टांत छापली आहे. तींत एके ठिकाणीं समुद्रांत पोहण्यांत निष्णात असलेला सोमराजा महादेवाच्या हत्तींच्या मदजलाच्या नद्यांत बुडाला, असें म्हटलें आहे. तर दुसरीकडे महादेवाच्या कोपापेक्षां वडवानल सुसह्य वाटून त्यानें सागराचा आश्रय केला, असा भाव आहे. पहिली उघड अतिशयोक्ति, दुसरी हेतूत्प्रेक्षा. मदजलाच्या नद्या अलंकार म्हणून सोडावयाच्या आणि सागर मात्र वृत्तांत म्हणून घ्यावयाचा, तर त्यास स्वतंत्र प्रमाण पाहिजे. सोमेश्वराचे शके ११८१ व ११८२ चे लेख मिळतात, पुढें त्याचें राज्य यादवांकडे जातें. यावरून पराभव खरा व सागरमरण संभाव्य ठरतें. परंतु एकसरचें नांव श्लोकांत नाहीं, आणि सोमेश्वराचें शिळेंत नाहीं. दोहोंस जोडणारा दुवा केवळ ‘समुद्र’ हा शब्द होय. याच चित्रांचा संबंध माळव्याच्या भोजाच्या इ. स. १०२० च्या सुमाराच्या कोंकणविजयाशींहि लावण्यांत आला आहे. दोन मतांत सुमारें अडीच शतकांचें अंतर पडावें, यांतच शिळेचें मौन दिसून येतें.

नॉर्वे देशांत हाच प्रश्न वेगळ्या रीतीनें सुटला. तेथें थोर मृतांस जहाजासह पुरण्याची चाल होती. इ. स. १८८० मध्यें गोकस्टाड येथें व १९०४ मध्यें ओसेबर्ग येथें अशीं जहाजें निघालीं. गोकस्टाडच्या पुरुषास ओलाफ राजा व ओसेबर्गच्या दोन स्त्रियांपैकीं एकीस आसा राणी ठरविण्यांत आलें. आधार काय, तर जुन्या आख्यायिका. पुढें लांकडांतील वर्षवलयें मोजतां ओसेबर्गचें दफन इ. स. ८३४ चें व गोकस्टाडचें ९०० च्या आसपासचें ठरलें. ओलाफाच्या मृत्यूचा परंपरागत काल त्यापूर्वींचा असल्यानें तें नांव गळालें; आसा राणीचेंहि सिद्ध झालें नाहीं. तेथें लांकूड बोललें. आपल्याकडे जहाजाची केवळ प्रतिमा उरली आहे, म्हणून आपण अधिकच सावध असावयास हवें.

सुप्रसिद्ध नांवाचा हा मोह आमच्या परभणी जिल्ह्यांतहि आहे. चारठाण्याचीं देवळें असोत कीं इतर गांवचें जुनें दगडी देऊळ असो, चुन्यावांचून रचलेला दगड दिसला कीं तो हेमाडपंताचा. वस्तुतः शके ९८२ चें अंबरनाथाचें देवालय हेमाद्रीहून दोन शतकांनीं जुनें आहे. राजाचें किंवा मंत्र्याचें नांव चिकटलें म्हणजे शोध थांबतो, आणि ज्यांनीं दगड घडविला अथवा ज्यांच्यासाठीं तो घडला, त्यांची विचारपूस कोणी करीत नाहीं.

तेव्हां एकसरच्या शिळांस तूर्त ‘सोमेश्वराच्या युद्धाचे वीरगळ’ न म्हणतां ‘नौकायुद्धाचे वीरगळ’ म्हणावें. कोंकणांतील सशक लेखयुक्त शिळांशीं त्यांतील शस्त्रें, वेष व गलबतांची घडण ताडून पाहावी. राजप्रशस्तीचे दोन पाठ छापलेले आहेत; ज्यांच्या संग्रहीं व्रतखंडाची जुनी पोथी असेल त्यांनीं प्रारंभींचीं पत्रें काढून पाठभेद प्रसिद्ध करावे. समुद्रावर पडलेल्या त्या वीरांचीं नांवें कदाचित् कधींच मिळणार नाहींत. पण त्यांच्या दगडावर दुसऱ्याचें नांव घालण्याचा अधिकार आपणांस नाहीं.